उंदराचा उजवा

"उजवा म्हणजे उंदराचा उजवा. तुझा नव्हे. हे तेवढं कानामागे टाकू नकोस."

प्राणीघरातल्या मामांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलेली पहिली गोष्ट ही. मामा खरं तर कुणाचेच सख्खे मामा नव्हते. सव्वीस वर्षं उंदरांचे पिंजरे साफ करता करता ते अख्ख्या संस्थेचे मामा झाले होते. आणि ती नुकतीच एम.एस्सी. होऊन आलेली, पांढऱ्या कोटाची घडीसुद्धा न मोडलेली. डावं-उजवं आता या वयात शिकायचं?

"मामा, एवढं बालवाडीतच शिकवतात हो," ती म्हणाली आणि हसली.

"बालवाडीत उंदीर नसतात," मामा म्हणाले. तेही हसले आणि पुढच्या पिंजऱ्यातला ओला भुसा काढायला लागले.

त्याला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी आठ महिन्यांची. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. चिमणी झाल्यापासून तिची झोप म्हणजे तुकड्यातुकड्यांची गोधडी झालेली, आणि तीही आखूड. पाय झाकावे तर डोकं उघडं. मुलगी झोपली की ही उठून तिचा श्वास बघते. श्वास चाललेला असतोच. तरी बघते. नवरा म्हणतो, "अगं, ती झोपलीय तोवर तू झोप की." सांगायला सोपं आहे.

तिचं काम नेमकं काय, हे तिने घरी सगळ्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. एकाच घराण्यातले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढवले की ते इतके सारखे होतात, की एकाचं कातडं दुसऱ्याच्या पाठीवर लावलं तर खुशाल रुजतं. अडचण एकच. नराचं कातडं मादीच्या पाठीवर लावलं, तर काही आठवड्यांत ते सुकतं, काळं पडतं, खपलीसारखं गळून जातं. कारण नराच्या पेशींवर नरपणाची म्हणून एक खूण असते, आणि मादीचं शरीर ती बरोबर ओळखतं. हे आपल्यातलं नाही, काढा बाहेर.

मामांनी हे सगळं आपल्या भाषेत बसवून टाकलं होतं. "या बायांना नवरा चालतो, नवऱ्याची कातडी चालत नाही."

ते तिने घरी सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यात संशोधन कसलं? मला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं."

पण मॅडमचा, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, प्रश्न याच्या पुढचा होता. ही खूण सगळ्या नरांवर सारखी ठळक नसते. काहींच्या पेशींवर दाट, काहींच्या विरळ. नर करणारं गुणसूत्र तर सगळ्या भावांना एकाच बापाकडून आलेलं. मग दाट की विरळ हे ठरवतं कोण? मॅडमचा संशय भलत्याच एका गुणसूत्राच्या लहानशा तुकड्यावर होता. आणि तो तुकडा यायचा आईकडून, जी मुद्दाम दोन घराण्यांच्या संकरातली घेतलेली. काही मुलग्यांना मिळायचा, काहींना नाही.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली की त्यांच्या शेपटीचं टोक चाचणीला जायचं. उत्तर आलं की मामा कानाला भोक पाडायचे. तुकडा मिळालेल्याच्या उजव्या कानाला, न मिळालेल्याच्या डाव्या. मग तिची पाळी. नरांचं थेंबभर रक्त घ्यायचं, कान बघून नळीवर आणि वहीत, शेपटीवरच्या शाईच्या क्रमांकापुढे, 'उ' किंवा 'डा' लिहायचं, आणि त्या पेशींवर नराचं कातडं नाकारलेल्या मादीच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं सोडायची. ती प्रतिपिंडं खुणेला जाऊन चिकटतात आणि पेशी मरतात. जास्त पेशी मेल्या, तर खूण दाट. कमी मेल्या, तर विरळ. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मेलेल्या पेशी मोजायच्या.

बाळंतपणाच्या रजेआधी तिने पहिले बावीस पिंजरे संपवले होते, आणि आकडे कसे, दृष्ट लागावी असे आले होते. 'उ' तेवढे सगळे दाट, 'डा' तेवढे विरळ. मॅडम, ज्या सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या होत्या, "बरं दिसतंय."

सहा महिन्यांनी ती परत आली. पुढचे अठरा पिंजरे तिची वाट बघत होते. एकेका पिंजऱ्यात चार, बहात्तर नर. तिने आल्या दिवसापासून मान मोडून काम केलं. साडेपाचला निघायचंच होतं. सासूबाईंचे गुडघे संध्याकाळपर्यंत बोलायला लागायचे, आणि चिमणीला त्यांच्या अंगाखांद्यावरून उतरवून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. दोन महिन्यांत आकडे तयार झाले.

आणि आकडे फिरले. तेविसाव्या पिंजऱ्यापासून पुढे 'उ' विरळ आणि 'डा' दाट.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला, डोळे चोळले. त्याही थकलेल्याच होत्या. वर्षभर त्या या एका निकालाच्या भरवशावर होत्या. "अर्धे असे आणि अर्धे तसे? जीव असा मधेच मत बदलत नाही. पिंजऱ्यांचा घोळ झालाय." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तू रजेवर असताना वातानुकूलन बंद पडलं होतं. रॅक दोन दिवस पलीकडच्या खोलीत हलवले होते. मामांनी एकट्याने."

मामांना बोलावलं. ते आले आणि दारातच उभे राहिले. संस्थेच्या ऑफिसात ते कधी बसत नसत.

"मामा, रॅक परत आणल्यावर पिंजरे त्याच क्रमाने लागले होते का? यादी एका क्रमाची आणि पिंजरे दुसऱ्या, असं होऊन, किंवा त्या गडबडीत डावं-उजवं होऊन, भोकं चुकीच्या कानाला पडली असतील?"

मामांनी हातातली टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. तीस वर्षांत त्यांच्याकडून असं झालेलं नव्हतं, पण तसं ते म्हणाले नाहीत. "पिंजऱ्यावरचं कार्ड बघूनच लावले होते, मॅडम. पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून एकच डोळा धड आहे. झालं असेल."

आणि इथे ती बोलली. कुणी विचारलं नव्हतं. मामांची बाजू सावरायला म्हणून, अगदी चांगल्या मनाने बोलली. "मामा अलीकडे फार थकलेत, मॅडम."

मामांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्याबद्दलची एखादी बातमी दुसऱ्याकडून कळावी, तसं.

मॅडमनी त्यांना नवीन चाचण्यांचा निर्णय होईपर्यंत घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. प्राणीघराच्या किल्ल्या त्यांनी स्वतः होऊन टेबलावर ठेवल्या. मग कार्यालयाचं पत्र निघालं, 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यात होता. घोळ झालेले उंदीर कामाचे नाहीत, तेव्हा शुक्रवारी ते संपवून टाकायचे असं ठरलं. मामांच्या जागी रोजंदारीवर एक नवीन माणूस आला. तो उंदरांना 'माल' म्हणायचा.

तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तिला नीट वाईट वाटायलाही सवड नव्हती. चिमणीचा कान फुटला होता.

मंगळवारी डॉक्टरांनी बघितलं. उजवा कान, दिवसातून तीनदा दोन-दोन थेंब, गुरुवारपर्यंत रडणं थांबायला हवं. गुरुवार उजाडला आणि रडणं दुप्पट झालं. पोर कानाशी हात नेऊन नुसती किंचाळत होती. ही एका हाताने डबा भरत होती, दुसऱ्या हाताने केस विंचरत होती. सासूबाईंनी नातीला पुढ्यात घेतलं. पाय स्वतःच्या पोटाशी, डोकं गुडघ्यांवर, तोंड आपल्याकडे. मान एका बाजूला वळवली आणि थेंब सोडले.

हिने ते पाहिलं. "आई! तो डावा!"

"डावा कसा? हा बघ माझा उजवा हात. ह्याच बाजूचा कान."

"अहो, ती तुमच्याकडे तोंड करून आहे! उजवा म्हणजे तिचा उजवा. तुमचा नव्हे!"

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ती जागच्या जागी थांबली. हातातली फणी केसांतच राहिली. हे वाक्य तिचं नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "दोन दिवस चुकीच्या कानात घालत होते की काय गं मी? पोरीला उगाच..." एरवी तिने त्यांची समजूत काढली असती. आत्ता तिला ऐकूच येत नव्हतं. ती आपल्या रिकाम्या डाव्या हाताकडे बघत होती. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटीसारखी धरलेली.

कान बघायची प्राणीघरातली पद्धत अशी. उंदराला शेपटीला धरून पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवायचं. उंदीर पळायला बघतो, पुढे ओढतो. म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे आणि तोंड पलीकडे. त्याचा उजवा तोच आपला उजवा. मग वेगळं उचलून, मानेमागचं कातडं चिमटीत धरून, उलटं करून पोटाखाली नरच आहे ना हे बघायचं. दोन कामं, दोन पकडी. रजेआधी ती तसंच करायची. मामा शेजारी उभेच असायचे.

रजेवरून आल्यावर तिने दोन्ही एकात बसवलं होतं. सरळ चिमटीत धरायचं, उलटं करायचं, पोट बघायचं आणि तिथल्या तिथे कानही बघून घ्यायचे. उंदीर तिच्याकडे तोंड करून. उंदरामागे दहा सेकंद वाचायचे. साडेपाचची बस मिळायची.

बसमध्ये तिने सगळा हिशोब पुन्हा करून पाहिला. कुठेतरी दुसरी काही चूक निघावी म्हणून तिने किती प्रकारे हात फिरवून पाहिला असेल! समोरच्या बाईने बॅग जवळ ओढून घेतली.

प्राणीघरात शिरायचं तर आधी रजिस्टर. तिथला नियमच आहे: आत जाणाऱ्याने शेवटचं पान वाचायचं, खाली सही करायची, मगच कोट आणि टोपी चढवायची. तिने सही केली. नवीन माणूस कोपऱ्यात भुशाची पोती लावत होता. "ताई, ते उद्याचे आहेत ना? मग कशाला हात घाण करता?" म्हणाला. तिने हातमोजे चढवले.

तेविसावा पिंजरा. पहिला उंदीर शेपटीला धरून जाळीवर ठेवला. त्याने पुढच्या पायांनी तारा पकडल्या आणि पलीकडे ओढ घेतली. भोक उजव्या कानाला. वहीत तिच्याच अक्षरात: 'डा'. दुसरा. भोक डाव्या कानाला. वहीत 'उ'. तिसरा. चौथा. एकतिसाव्या पिंजऱ्यापर्यंत तिने बघितलं. पुढे बघायची गरज नव्हती, तरी हात थांबेनात. चाळीस संपेपर्यंत तिने बहात्तरच्या बहात्तर बघितले. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

सगळी भोकं बरोबर कानाला होती: दाट तेवढे उजवे, विरळ तेवढे डावे, पहिल्या बावीस पिंजऱ्यांसारखेच. रॅक हलवून, एका डोळ्याने, एकट्या माणसाने पाडलेली, एकही न चुकता.

बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक विचार येऊन गेला, आणि तो आला नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. उद्या शुक्रवार. उद्या संध्याकाळी हे कान राहणार नव्हते. तिचा वर्षाचा करार दोन महिन्यांनी नव्याने व्हायचा होता, आणि तो मॅडमच्या सहीनेच. गप्प बसायला तिला काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. नुसतं घरी जायचं होतं, आणि घरी जायची तर तिला रोजच घाई.

चाळिसाव्या पिंजऱ्यातला एकजण मागच्या पायांवर उभा राहून तिच्याकडे बघत होता. तोंड तिच्याकडे. त्याचा उजवा तिच्या डावीकडे. मामांनी तिला एवढंच तर सांगितलं होतं.

ती उठली. ढुंगणाला लागलेला भुसा झटकला आणि मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, तेवीसपासून पुढचं सगळं उलटं आहे. म्हणजे बरोबर आहे. फक्त उलटं आहे."

"बस आधी. नीट सांग."

तिने सांगितलं. चिमटी, पोट, दहा सेकंद, बस, सगळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं. ती रडली नाही. मग मॅडमनी आकड्यांचा तो कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने तेवीसपासून चाळीसपर्यंत प्रत्येक 'उ'चा 'डा' आणि 'डा'चा 'उ' केला. त्याला बराच वेळ लागला.

चाळीसच्या चाळीस पिंजरे एका ओळीत आले. आईचा तुकडा असलेले सगळे दाट, नसलेले सगळे विरळ. वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि दोघींपैकी कुणालाच त्याचा आनंद करता येईना.

"मी त्या माणसाला पत्र दिलं," मॅडम म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं की ते थकलेत."

"हं. थकलंय कोण, ते आता कळलं." मॅडमनी कपाळाला हात लावला. "मला धरून बोलतेय मी. या बहात्तरांच्या शेपट्या पुन्हा तपासल्या असत्या तर तीन दिवसांत उलगडलं असतं. मी ते लिहूनही ठेवलं होतं. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुझ्या कराराचं मी आज काही बोलत नाही. आज बोलले तर वाकडं बोलेन. उद्याचं उंदीर मारणं रद्द. आणि रजिस्टरात हे तू तुझ्या अक्षरात लिही. सगळ्यांनी वाचलं पाहिजे."

मग त्यांनी फोन उचलला आणि मामांचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तसंच. त्यांना साडेतीनची बैठक होती, जाताना त्या म्हणाल्या, "तू लावत राहा."

तिने चारदा लावला. मग तिला आठवलं की या सोमवारीही तिने एकदा लावला होता, सहज, कसे आहात विचारायला; आणि तेव्हाही कुणी उचलला नव्हता. त्यावर तिने विचारसुद्धा केला नव्हता. मामा एकटे राहतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे राहतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने कार्यालयातून पत्ता काढून आणला: नळदुरुस्तीच्या दुकानावरचा तिसरा मजला, संस्थेपासून वीस मिनिटांवर. आता साडेचार वाजले होते. जावं असं म्हणून तिने पिशवी खांद्याला लावली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"बरोबर कानात घातलं गं मी आता," सासूबाई म्हणाल्या. सकाळपासून ते एकच वाक्य त्या घोकत असाव्यात. "दोनदा बघून घातलं. पण अंग तापलंय तिचं. डोळे उघडत नाही. तू ये."

"आलेच, आई. कपाळावर ओला रुमाल ठेवा. तुमचं चुकलं नाही हो. मीही तेच केलं."

"तू कशाला करशील?"

"घरी आल्यावर सांगते."

ती प्राणीघराच्या दाराशी गेली. रजिस्टर उघडलं आणि उभ्यानेच लिहायला लागली. अक्षर वाकडं येत होतं, पण वाचता येण्यासारखं होतं.

"गुरुवार, पावणेपाच. पिंजरे 23 ते 40: कानांच्या नोंदी उलट्या झाल्या आहेत. चूक माझी आहे. मी उंदीर आपल्याकडे तोंड करून धरून कान वाचले. मामांनी पाडलेली बहात्तरच्या बहात्तर भोकं बरोबर कानाला आहेत; मी आज एकेक तपासली. उंदीर संपवू नयेत, मॅडमनी सांगितलं आहे. यापुढे कान बघताना उंदीर जाळीवर, तोंड पलीकडे. उजवा म्हणजे उंदराचा उजवा.

"मुलीला ताप आहे, मी बहुतेक सोमवारपर्यंत येणार नाही. मामा फोन उचलत नाहीत. निदान चार दिवस झाले. हे पान वाचून सही कराल, तेव्हा कृपया खालचा पत्ता उतरून घ्या आणि जाता जाता त्यांचं दार वाजवा. तीनदा वाजवा, त्यांना उठायला वेळ लागतो. उघडलं तर सांगा की कान बरोबर होते. नाही उघडलं तर खालच्या नळवाल्याला हाक मारा, तसंच परत येऊ नका. आणि ते कसे आहेत, ते तुमच्या सहीखाली लिहा."